जुने कागद नेटवर टाकताना: फाइलींच्या फॉरमॅटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचनालयाच्या जुन्या स्मरणिका, घरातल्या पोथ्या, निजामाच्या काळातले दस्त, किल्लारीच्या भूकंपाची कात्रणं असं काय काय लोक स्कॅन करायला आणतात, आणि प्रश्न मात्र फिरून तेच असतात. परभणीत एकाला सांगितलेलं आठवड्याभरात जालन्याच्या दुसऱ्याला सांगावं लागतं. म्हणून एकदाचं लिहून ठेवलं. प्रश्न जसे आले तसेच ठेवलेत, त्यामुळे क्रम विचारणाऱ्यांचा आहे, माझा नाही.

जेपेग का पीएनजी? एका शब्दात सांगा.

एका शब्दात नाही, पण एका नजरेत कळतं. कागदावर छटा जास्त आहेत का कडा, ते बघा. आजोबांचा फोटो, अजिंठ्याच्या भित्तिचित्राचं छायाचित्र, पैठणीचा पदर या छटांच्या गोष्टी, त्यांना जेपेग. छापील तक्ता, नकाशा, वंशावळ, मोबाइलचा स्क्रीनशॉट या कडांच्या गोष्टी, त्यांना पीएनजी.

जेपेग १९९२ साली ठरलं ते मुळात फोटोंसाठी. ते चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातले बारीक चढउतार गाळून टाकतं. आभाळाच्या निळाईत हे डोळ्याला कळत नाही. पण काळं अक्षर जिथं संपून पांढरा कागद सुरू होतो, तिथं अक्षराभोवती राखाडी चुरा सांडल्यासारखा दिसतो. पीएनजी काहीच गाळत नाही, म्हणून कड साफ राहते.

मी कसोटी लावतो ती अनुस्वाराची. फाइल तयार झाली की पानावरचा सगळ्यात बारीक अनुस्वार शोधायचा आणि त्यावर झूम करायचं. तो कागदावरच्या डागापासून वेगळा ओळखू आला तर फाइल पास. नाही तर जमाबंदीतला खंडू खडू होतो आणि पुढच्या पिढीत कुणीतरी तेच खरं धरून बसतो. फाइलचा आकार, फॉरमॅटचं नाव, गुणवत्तेचा आकडा हे सगळं त्यानंतर.

पण पीएनजी केली तर एकेक पान दहा-पंधरा एमबीचं होतंय.

होणारच. तुमचा कागद पांढरा नाही, पिवळट आहे, त्यात तंतू आहेत, पाण्याचे डाग आहेत. पीएनजी तो प्रत्येक तंतू इमानदारीनं सांभाळतं. सत्तर वर्षांचा कागद म्हणजे संगणकाच्या दृष्टीनं फोटोच.

वाटा दोन. कागदाचं जुनेपण दाखवायचं असेल तर रंगीत जेपेग करा, गुणवत्ता ८५ च्या आसपास ठेवा आणि अनुस्वार तपासा. फक्त मजकूर वाचता यायला हवा असेल तर पान राखाडी करा, कागदाचा पिवळेपणा पांढऱ्यावर आणा आणि पीएनजी जतन करताना १६ छटांवर बसवा. छापील मजकुराला १६ छटा पुरतात. फाइल एकदम उतरते, अक्षराची कड तशीच राहते.

किती डीपीआयवर स्कॅन करायचं?

डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके. साधं छापील पान ३००. वर्तमानपत्र, पंचांग, तळटिपांचं पुस्तक असं बारीक टायपाचं काही असेल तर ४००. पासपोर्ट फोटोएवढं चित्र मोठं करून दाखवायचं असेल तर ६००. याच्या वर गेल्यानं कागदाची रवाळी जास्त दिसते, मजकूर नाही.

डीपीआय हा फाइलीत लिहिलेला नुसता शेरा असतो, हे मात्र ध्यानात ठेवा. ७२ चा आकडा खोडून ३०० लिहिला म्हणून चित्र सुधारत नाही. खरे मोजायचे ते ठिपके. ए-फोर पान ३०० डीपीआयवर २४८० बाय ३५०८ ठिपक्यांचं होतं, म्हणजे साधारण ८७ लाख ठिपके. रंगीत असेल तर कुठलंही आकुंचन (कॉम्प्रेशन) न करता ते २६ एमबी भरतं, राखाडी ९ एमबीच्या आत आणि निव्वळ काळं-पांढरं एकच एमबी. सव्वाशे पानांची स्मरणिका रंगीत मूळ प्रतीत तीन जीबीच्या पुढं का जाते, त्याचं उत्तर या गुणाकारात आहे.

स्कॅनर नाही. मोबाइलनं चालेल का?

ए-फोरला चालेल. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० असतो. पान चौकटीत पूर्ण भरलं तर ते ३४० डीपीआयच्या आसपास पडतं. वर्तमानपत्राच्या अख्ख्या पानाला मात्र पुरत नाही, ते चार तुकड्यांत काढा.

उजेड घराबाहेर शोधा. जुन्या वाड्याच्या ओसरीवर सकाळी नऊच्या सुमाराला जो सावलीतला सारखा उजेड असतो, तसा ट्यूबलाइटखाली मिळत नाही. कागदाखाली काळं कापड, फ्लॅश बंद, मोबाइल कागदाला समांतर, जवळ जाण्याऐवजी थोडं मागं सरकून. आणि काम उन्हाळ्यात दुपारी करू नका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचा कागद पापडासारखा होतो, घडी उलगडताना तुटतो.

स्कॅनिंगच्या ॲपमध्ये कागद पांढराशुभ्र करणारं फिल्टर असतं, ते बंद ठेवा. मजकूर उठून दिसतो खरा, पण फिकट जांभळा शिक्का, स्टँप पेपरातलं जलचिन्ह, पेन्सिलीनं केलेला शेरा सगळं पुसलं जातं. निजामाच्या काळातल्या दस्तात कित्येकदा तो शिक्काच महत्त्वाचा असतो. कोपऱ्यातला उर्दू शिक्का म्हणजे डाग नव्हे.

पीडीएफ केली की फॉरमॅटचा प्रश्न मिटला ना?

नाही मिटला, आत गेला. पीडीएफ हे पोतं आहे. मोंढ्यात पोत्याकडं बघून आत ज्वारी आहे का हरभरा ते कळत नाही, तसंच. आत जेपेग असू शकतं, फॅक्ससाठी निघालेलं ग्रुप फोर नावाचं काळं-पांढरं आकुंचन असू शकतं, जेबिग टू असू शकतं किंवा खराखुरा मजकूरही असू शकतो. फाइल खराब दिसते तेव्हा दोष पोत्याचा नसतो.

जेबिग टूबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण धोका जमिनीच्या कागदांना आहे. हे आकुंचन पानावरचे सारखे दिसणारे आकार शोधतं, त्यातला एकच साठवतं आणि बाकीच्या जागी त्याचीच छाप मारतं. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाच्या लक्षात आलं, की एका इमारतीचा नकाशा कार्यालयातल्या मशीनवर स्कॅन केला तर खोल्यांच्या क्षेत्रफळाचे आकडेच बदलत होते. अक्षर पुसट नाही, चुरा नाही, स्वच्छ आणि ठसठशीत चुकीचा आकडा. इंग्रजी सहाचा आठ होतो, तर आपल्या खासरा पाहणीतल्या १ चा ९ किंवा मजकुरातल्या ‘घ’चा ‘ध’ व्हायला कितीसा वेळ लागतो?

म्हणून आकडे असलेल्या कागदाला पीडीएफ करताना जेबिग टूचा माहिती गाळणारा पर्याय कधीही निवडू नका. ग्रुप फोर घ्या, त्यात ठिपकाही हलत नाही आणि साफ छापील पान शंभर केबीच्या आसपास मावतं. प्रोग्राममध्ये ‘लहानात लहान आकार’ एवढंच लिहिलेलं असेल आणि आत काय चाललंय ते सांगत नसेल, तर तो पर्याय सोडून द्या.

दीर्घकाळ ठेवायची असेल तर पीडीएफ-ए हा प्रकार निवडा. २००५ पासून त्याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि फॉन्ट फाइलीतच असायला हवेत अशी त्यात अट आहे. फॉन्ट नसल्यामुळे डबे दिसणाऱ्या जुन्या मराठी फाइली ज्यांनी पाहिल्यात, त्यांना याची किंमत सांगायला नको.

पोथीतली लाल अक्षरं फिसकटल्यासारखी दिसतात. स्कॅनर बिघडला का?

स्कॅनर ठीक आहे. आपला डोळा उजेडातला फरक बारकाईनं टिपतो, रंगातला तेवढा नाही. याचा फायदा घेऊन जेपेग बहुतेक वेळा रंगाची माहिती आडवी निम्मी आणि उभी निम्मी करून टाकतं, म्हणजे चार ठिपक्यांना मिळून एक रंग. काळ्या अक्षराला याचा त्रास नाही, कारण त्याला रंगच नाही. पण हिंगुळानं लिहिलेला ‘अध्याय समाप्त’ किंवा पत्रिकेवरचं ‘श्री गणेशाय नमः’ हे नुसतं रंगावरच उभं असतं. त्याची कड पसरते.

जेपेग जतन करताना ‘क्रोमा सबसॅम्पलिंग’ असा पर्याय दिसतो, तिथं ४:२:० ऐवजी ४:४:४ निवडा. फाइल थोडी वाढेल, लाल अक्षर मात्र जागेवर येईल. आणि अशा पानाला साधं वेबपी (वेबसाठीचा नवा चित्र-फॉरमॅट) वापरू नका, कारण त्याच्या माहिती गाळणाऱ्या प्रकारात ४:२:० शिवाय दुसरी सोयच नाही.

मग वेबपी आणि एव्हिफ कधी वापरायचं?

वाचकाला दाखवायच्या प्रतीसाठी, बिनधास्त. वेबपी २०१० मध्ये गूगलनं आणलं, एव्हिफ २०१९ चं. आजचे सगळे मोठे ब्राउझर दोन्ही दाखवतात आणि फोटोच्या बाबतीत जेपेगपेक्षा बरीच लहान फाइल मिळते. हिंगोलीच्या एखाद्या तांड्यावर रेंजच्या एका दांडीवर स्मरणिका उघडणाऱ्याला त्याचा खरा उपयोग होतो. पण हीच प्रत कुणी प्रेसमध्ये घेऊन गेला तर ऑपरेटर परत पाठवण्याची शक्यता दाट. म्हणून ‘उतरवून घ्या’च्या बटणामागं जेपेग किंवा पीडीएफ ठेवा.

जीआयएफ?

१९८७ चं आहे, २५६ च रंग मावतात. त्यातल्या आकुंचनाच्या पेटंटवरून भांडण झालं, त्या रागातून पीएनजी जन्माला आलं. दस्तऐवजासाठी जीआयएफचं आता काही काम नाही.

आयफोनवरून पाठवलेले फोटो उघडतच नाहीत.

ते एचईआयसी आहेत. २०१७ पासून आयफोन त्यात फोटो साठवतो आणि बहुतेक ब्राउझर ते दाखवत नाहीत. जेपेग करून घ्या. पुढच्या वेळी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट आधीच बदलून ठेवा.

व्हॉट्सॲपवर पाठवले तर चालतील का?

फोटो म्हणून नको. तिथं चित्र लहान होऊन पुन्हा जेपेगमध्ये दाबलं जातं, आणि तेच पुढं आणखी चौघांनी आपापल्या परीनं कापून, फिरवून, जतन करून पाठवलं की दर वेळी थोडं थोडं झिजतं. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, फाइल जशीच्या तशी पोचते.

प्रेसवाल्यानं कोरलड्रॉची फाइल दिली आहे. तिचं काय करू?

आनंद माना. ठिपक्यांची नाही, रेषांची फाइल तुमच्या हातात आली आहे. संस्थेचं बोधचिन्ह, नकाशा, वंशावळ असं काही असेल तर त्यांच्याकडूनच एसव्हीजी हा रेषांचा फॉरमॅट काढून घ्या, म्हणजे कितीही मोठं केलं तरी कड फुटत नाही. आधी अक्षरांचे ‘कर्व्ह’, म्हणजे नुसत्या रेषा, करायला सांगा, नाही तर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर भलतीच चिन्हं दाखवतो. ‘कर्व्ह’ केलं की मजकूर शोधता येत नाही, तेव्हा तो युनिकोडमध्ये वेगळा टाइप करून चित्राशेजारी ठेवा.

आणि फोटो असतील तर ते छपाईच्या चार रंगांतून एसआरजीबीमध्ये, म्हणजे पडद्याच्या रंगांत, आणून घ्या. चार रंगांचं जेपेग काही ठिकाणी इतकं भडक उघडतं, की सत्कारमूर्तीचा चेहरा पोपटी दिसतो.

वर्तमानपत्रातला फोटो स्कॅन केला की त्यावर लहरी उमटतात.

छापील फोटो म्हणजे शाईच्या ठिपक्यांची जाळी. स्कॅनरचे ठिपके ही दुसरी जाळी. दोन जाळ्या एकमेकींवर ठेवल्या की लहरी दिसतात, दुमडलेल्या मच्छरदाणीत दिसतात तशाच. ६०० डीपीआयवर स्कॅन करा, किंचित धूसर करा आणि मग आकार निम्मा करा. १९९३ च्या किल्लारीच्या बातम्यांची कात्रणं मी अशीच केली. सरळ ३०० वर घेतली असती तर ढिगाऱ्याच्या फोटोत ढिगारा कुठला आणि जाळी कुठली ते कळलं नसतं. हे करताना बाजूचा मजकूर मऊ पडतो, म्हणून फोटो आणि मजकूर वेगवेगळे घ्या. काम वाढतं, इलाज नाही.

ऑनलाइन फॉर्मला २०० केबीच्या आत फाइल मागतात. आमचा फेरफार वाचताच येईना.

तुम्ही सगळ्यात आधी गुणवत्ता कमी केलीत, असा माझा अंदाज. ती सगळ्यात शेवटी करायची असते. पहिल्यांदा कड कापा. टेबल, चटई, अंगठा यांचे ठिपके कशाला पाठवायचे? मग रंग काढून राखाडी करा. मग रुंदी १२०० ठिपक्यांपर्यंत आणा. एवढं करून बहुतेक पानं २०० केबीत बसतात. तरीही उरलं तरच गुणवत्ता ७० पर्यंत उतरवा, आणि अनुस्वार बघा.

एका पोर्टलवर मी स्वतः तासभर झटलो होतो. फाइल १९८ केबीची, तरी ‘मर्यादा ओलांडली’ असाच निरोप. शेवटी ध्यानात आलं की नावात मोकळी जागा होती, निरोप भलताच येत होता.

मग फाइलचं नाव मराठीत द्यायचं का नाही?

मन होतं, पण नको. देवनागरीचं एकेक चिन्ह पत्त्यात गेलं की टक्क्याच्या खुणा असलेल्या नऊ अक्षरांचं होतं. ‘अंबाजोगाई’ एवढंच नाव एक्याऐंशी अक्षरांची माळ होऊन बसतं, आणि कुणाला पाठवलं की मध्येच तुटतं. रोमन लिपीतली लहान अक्षरं, मध्ये आडवी रेघ, गाव-वर्ष-पान या क्रमानं. पानाचा आकडा ००१ असा तीन अंकी लिहा, नाही तर दहावं पान दुसऱ्याच्या आधी येतं. मराठी हवं ते शीर्षकात आणि चित्राच्या पर्यायी मजकुरात भरपूर लिहा. दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर तेच वाचून दाखवतो.

चित्रातला मजकूर शोधता यावा म्हणून काय करावं?

ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकानं ओळखून त्यांचा मजकूर करणं. टेसरॅक्ट हा मोफत प्रोग्राम मराठी ओळखतो. त्याला ३०० डीपीआय, सरळ पान आणि न तुटलेली शिरोरेषा हवी. पान दोन अंश जरी तिरकं असलं तरी गडबड सुरू होते. खिळ्यांच्या छपाईत जोडाक्षरं झिजलेली असतात, तिथं माणसानं वाचण्याला पर्याय नाही. ओसीआर नेहमी मूळ प्रतीवर चालवा, दाबलेल्या जेपेगवर नको.

मोडीची गोष्ट वेगळी. २०१४ मध्ये मोडी युनिकोडमध्ये आली, त्यामुळे टाइप करता येते, पण घसटीनं लिहिलेली मोडी अजून वाचणाऱ्या माणसाचीच वाट पाहते. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातली जुनी दप्तरं उघडली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना शोधत फिरावं लागलं. अशा वाचकाला पाठवायची प्रत रंगीतच ठेवा. शाई कुठं दाट आणि कुठं विरळ झाली त्यावरून तो लेखणीची दिशा ओळखतो, काळ्या-पांढऱ्या प्रतीत ती खूणच नाहीशी होते.

घरात जन्मपत्रिकेची लांबलचक गुंडाळी आहे. एकच चित्र होईल का?

तुकडे घेऊन जोडता येतील, पण वेबपीची एक बाजू १६,३८३ ठिपक्यांच्या पुढं जात नाही. ३०० डीपीआयला ते जेमतेम साडेचार फूट होतात. जेपेगची मर्यादा ६५,५३५, म्हणजे सुमारे अठरा फूट. मोबाइलवर मात्र अठरा फुटांचं चित्र उघडताना हँडसेट धापा टाकतो, तेव्हा दाखवायला तुकडेच बरे.

आधार क्रमांक, मोबाइल नंबर झाकून टाकले की झालं ना?

कशानं झाकले त्यावर आहे. पीडीएफवर काळा चौकोन ठेवला तर तो नुसता वर ठेवलेला असतो, खालचा आकडा कॉपी करता येतो. चित्रावर काळं करून नवी जेपेग किंवा पीएनजी जतन करा आणि मग तिची पीडीएफ बनवा. धूसर करणं पुरेसं नाही, आकडे धूसरातूनही ओळखता येतात. मोबाइलनं काढलेल्या फोटोत तो जिथं काढला ती जागा अक्षांश-रेखांशासह नोंदलेली असू शकते. घरातले दागिने, पोथ्या यांचे फोटो टाकताना ती माहिती काढून टाका.

दिवाळी अंक टाकायला परवानगी लागते का?

लागते. लेखक वारल्यानंतर ६० वर्षं हक्क टिकतो, आणि अंकात लेखक बरेच असतात.

मूळ स्कॅन कशात ठेवायचे?

टिफमध्ये, माहिती न गाळणाऱ्या आकुंचनासह. नेटवर टाकायच्या प्रती त्यातूनच काढायच्या, आणि मूळ फाइलीवर पुन्हा हात फिरवायचा नाही.

माझी चूक सांगतो. हार्ड डिस्क भरली म्हणून एका संग्रहाचे टिफ मी उडवले, वेबसाठीच्या बाराशे ठिपक्यांच्या जेपेग होत्याच. तीन वर्षांनी त्याच कागदांचं प्रदर्शन ठरलं, दोन फुटी फलक हवे होते. पुन्हा स्कॅन करू म्हणून त्या घरी गेलो तर पेटीला वाळवी. त्या बाराशे ठिपक्यांवरच फलक छापले. लांबून बरे दिसत होते, लोक जवळ गेले की चष्मा पुसायचे. आता टिफ दोन डिस्कवर असतात, आणि त्यातली एक माझ्या घरात नसते.

स्कॅन झाल्यावर मूळ कागद लॅमिनेट करू का?

नका करू. उष्णतेनं चिकटलेलं प्लास्टिक पुन्हा निघत नाही, आणि पुढं कुणी फोटो काढायला गेला तर त्यात खिडकीच दिसते. धुतलेल्या सुती कापडाचा रुमाल घ्या, त्यात कागद आडवे ठेवा, जमिनीपासून वर आणि भिंतीपासून लांब. बांधायला सुतळी नको, रुंद नाडी घ्या. सुतळीनं कडा कापल्या जातात.